जुना मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला आणि चित्रच येत नाही: काय तपासायचं, कुठे थांबायचं

जुना डेस्कटॉप निकालात निघतो, पण त्याचा मॉनिटर चांगला असतो. मग तो लॅपटॉपला, छोट्या सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरला (रास्पबेरी पायसारखा, एकाच सर्किट बोर्डवर मावणारा कॉम्प्युटर), मॅकला नाहीतर गेमिंग कन्सोलला जोडायचं ठरतं आणि तिथेच गाडी अडते. ही तक्रार मी पुन्हा पुन्हा सोडवत आलो आहे आणि त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे: मॉनिटर बिघडलेला असण्याची शक्यता यात सगळ्यात कमी. मॉनिटर धडधाकट असतो, कॉम्प्युटरही धडधाकट असतो, फक्त दोघांचं जमत नसतं. न जमण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच. सिग्नलचा प्रकार वेगळा, मधल्या अडॅप्टरची दिशा उलटी, किंवा कॉम्प्युटर पाठवतोय ते रिझोल्यूशन मॉनिटरच्या आवाक्याबाहेरचं. यातलं आपलं कोणतं, हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका आणि मॉनिटर भंगारात तर मुळीच देऊ नका.

## आधी लक्षण ओळखा

'नो सिग्नल' किंवा 'चेक केबल' अशी अक्षरं येतात, थोड्या वेळाने पडदा झोपतो आणि बटणाजवळचा दिवा निळा-हिरवा असतो तो केशरी होतो. म्हणजे मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत काही पोचत नाही.

'आउट ऑफ रेंज' किंवा 'इनपुट नॉट सपोर्टेड' येतं. लोक या अक्षरांना घाबरतात, मला मात्र ती दिसली की हायसं वाटतं. केबल, अडॅप्टर, पोर्ट सगळं चालू असल्याचा तो पुरावा आहे. सिग्नल येतोय, फक्त तो या मॉनिटरला झेपत नाही. हे काम सेटिंगवर भागतं.

चित्र येतं, पण अक्षरं धूसर, गोल आकार अंड्यासारखे, आणि सेटिंगमध्ये ८०० × ६०० किंवा १०२४ × ७६८ च्या वर पर्यायच नाही. मॉनिटरने स्वतःची ओळख कॉम्प्युटरला दिलेली नाही किंवा ती वाटेत हरवली आहे.

सगळ्या पडद्यावर एकाच रंगाची छटा चढलेली असते. हा जवळजवळ नेहमीच व्हीजीए केबलचा, म्हणजे बहुधा निळ्या प्लगच्या, पंधरा पिनांच्या जुन्या केबलचा दोष.

चित्र येतं-जातं, दर काही सेकंदांनी पडदा क्षणभर काळा होतो. केबल, किंवा अडॅप्टरला कमी पडणारी वीज.

कॉम्प्युटर सुरू होताना कंपनीचा लोगो दिसतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम चढली की अंधार. लोगो कमी रिझोल्यूशनवर येतो, त्यानंतर सिस्टिम स्वतःचं मोठं रिझोल्यूशन लावते, म्हणून असं होतं.

शेवटची दोन लक्षणं वेगळी. चित्र दोन सेकंद येऊन विझतं, किंवा दिवा लागतच नाही. इथे मात्र बहुधा मॉनिटरच्या आत काहीतरी गेलेलं असतं. तुमचं लक्षण हे असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

## हा घोळ मुळात का होतो

व्हीजीए १९८७ साली आलं. त्यातून लाल, हिरवा, निळा या तीन रंगांचे चढउतार ॲनालॉग व्होल्टेजच्या रूपात जातात. १९९९ मध्ये डीव्हीआय आणि त्यानंतर आलेले एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट हे डिजिटल आहेत. २०१० च्या डिसेंबरमध्ये इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या कॉम्प्युटर व पडदा कंपन्यांनी मिळून व्हीजीए हळूहळू बंद करण्याचं जाहीर केलं, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत नव्या मशिनवरून ते निळं पोर्ट दिसेनासं झालं. मॉनिटर मात्र पंधरा-वीस वर्षं सहज टिकतात. त्यामुळे आज घरोघरी असं चित्र आहे की पडदा ॲनालॉग आणि कॉम्प्युटर निव्वळ डिजिटल. मधे भाषांतर करणारं काहीतरी हवंच, नुसती आकार बदलणारी केबल पुरत नाही.

## पहिली तपासणी: काहीही न उघडता, न आणता

मॉनिटरच्या मागची सिग्नल केबल काढून ठेवा, फक्त पॉवर राहू द्या आणि मॉनिटर बंद करून चालू करा. कंपनीचा लोगो किंवा 'नो सिग्नल' अशी पाटी ठळक दिसली तर पॅनेल (चित्र दाखवणारा पडदा), बॅकलाइट (त्याच्यामागचा उजेड) आणि पॉवर सप्लाय या तीन महागड्या गोष्टी शाबूत आहेत. एवढ्या एका चाचणीवर मी पुढची दिशा ठरवतो, म्हणून ती टाळू नका.

मग इनपुट. दोन-तीन पोर्ट असलेला मॉनिटर अनेकदा शेवटचं वापरलेलं पोर्ट धरून बसतो. वर्षानुवर्षं व्हीजीएवर चाललेला मॉनिटर तुम्ही डीव्हीआयवर लावला तरी तो व्हीजीएवरच वाट बघत राहील. पुढच्या किंवा खालच्या कडेला 'सोर्स' किंवा 'इनपुट' नावाचं बटण असतं. ते दाबून हवं ते पोर्ट स्वतः निवडा. 'ऑटो' वर ठेवलं तर काही जुने मॉनिटर इतक्या सावकाश शोधतात की तोवर कॉम्प्युटर आपलं आउटपुट बंद करून मोकळा होतो.

त्यानंतर क्रम. मॉनिटर आधी चालू करा, केबल आधी जोडा, कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी. बऱ्याच मशिन सुरू होतानाच पाहतात की पलीकडे कोणी आहे का. सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरमध्ये हे हमखास अनुभवाला येतं. सुरुवातीला पडदा सापडला नाही तर काही बोर्ड एचडीएमआय आउटपुट चालूच करत नाहीत आणि नंतर केबल लावून उपयोग होत नाही.

## तुम्ही नेमकं कोणत्या पोर्टमध्ये लावलंय?

डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागे पोर्टचे दोन गट दिसतात. वरचा उभा गट मदरबोर्डचा, खालचा आडवा गट कार्डचा. कार्ड असलेल्या मशिनमध्ये मदरबोर्डचं आउटपुट बहुधा बंद असतं, तेव्हा केबल कार्डमध्येच हवी. जुन्या केबलला जुळणारं पोर्ट मदरबोर्डवर दिसतं म्हणून लोक तिथे लावतात आणि अडकतात.

लॅपटॉपवर विंडोज असेल तर विंडोजच्या बटणासोबत पी दाबा आणि 'डुप्लिकेट' निवडा. निवड 'पीसी स्क्रीन ओन्ली' वर राहिलेली असली तर कितीही केबल बदला, बाहेर काही येणार नाही.

टाइप-सी पोर्टबद्दल सावध राहा. आकार सारखा असला तरी प्रत्येक टाइप-सी मधून चित्र बाहेर पडत नाही, काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह कोरलेलं आहे का ते बघा, नसेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' हे शब्द शोधा. पोर्टलाच ती सोय नसेल तर साधा टाइप-सी अडॅप्टर कितीही चांगला आणला तरी व्यर्थ. तेव्हा यूएसबीवरून चालणारं, स्वतःचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर लागणारं वेगळ्या जातीचं अडॅप्टर घ्यावं लागतं. ते कागदपत्रांच्या कामाला ठीक, वेगवान खेळांना नाही.

रास्पबेरी पाय ४ आणि ५ वर दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट आहेत. पॉवरच्या शेजारचं पोर्ट हे पहिलं. एकच पडदा असेल तर त्यातच लावा.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. जुन्या लॅपटॉपचा किंवा ऑल-इन-वनचा पडदा मॉनिटर म्हणून वापरायला निघालेले बरेच जण भेटतात. त्यांच्यावरचं एचडीएमआय पोर्ट बहुतेक वेळा चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं, आत घेण्यासाठी नाही. दोन आउटपुट एकमेकांना जोडून काही होत नाही. २००९ ते २०१४ दरम्यानच्या काही आयमॅकमध्ये 'टार्गेट डिस्प्ले मोड' होता आणि काही ऑल-इन-वनवर 'एचडीएमआय इन' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते अपवाद.

## केबल: टॉर्च घेऊन बघा

व्हीजीए प्लग मॉनिटरमधून काढा. तो बारीक स्क्रूने बसवलेला असतो, आधी ते सोडवा. आता प्लगचं तोंड आपल्याकडे, रुंद ओळ वर अशी धरून आत टॉर्च मारा. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी दिसतील. वरच्या ओळीत डावीकडून पहिली पिन लाल रंगाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. यातली एखादी वाकून शेजारणीला टेकली असेल किंवा आत दबली असेल तर तो रंग गायब होतो. लाल गेला तर पांढरा पडदा निळसर-हिरवट दिसतो, हिरवा गेला तर गुलाबी-जांभळा, निळा गेला तर पिवळा. पडदा कोणत्या रंगाचा झालाय त्यावरून पिन ओळखता येते, तेव्हा बघण्याआधीच कोणती शोधायची ते ठरवा.

वाकलेली पिन पातळ चिमट्याने किंवा रिकाम्या लीड पेन्सिलीच्या टोकाने हळूच सरळ होते. एकदाच, सावकाश. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते.

सगळ्या पंधरा पिना दिसल्या नाहीत म्हणून बिचकू नका. नववी पिन पुष्कळ केबलमध्ये मुळातच नसते, चौथी आणि अकरावीही कधी कधी नसतात, त्याने अडत नाही. बारावी आणि पंधरावी मात्र महत्त्वाच्या. मॉनिटर आपलं नाव, आकार आणि चालणारी रिझोल्यूशनं या दोन तारांवरून कळवतो. स्वस्त किंवा फार जुन्या केबलमध्ये त्या नसल्या तर चित्र येईल, पण बहुधा १०२४ × ७६८ च्या पुढे जाणार नाही. धूसर चित्राच्या तक्रारीत मी सगळ्यात आधी या दोन पिना बघतो.

डीव्हीआय केबल असेल तर चपट्या आडव्या पात्याकडे बघा. पात्याच्या वर-खाली मिळून चार सुट्या पिना असतील तर ती डीव्हीआय-आय, नसतील तर डीव्हीआय-डी. त्या चार पिनाच ॲनालॉग सिग्नल नेतात. चार पिनांचा प्लग डीव्हीआय-डी सॉकेटमध्ये बसत नाही आणि मग लोक पक्कड घेऊन पिना मोडतात. तसं करू नका. डीव्हीआय-डी केबल वेगळी मिळते, तीच घ्या.

शक्य असेल तर दुसऱ्या चालू सेटवरची केबल काढून लावून बघा. वाकवून-दाबून परीक्षा करण्यापेक्षा हा निकाल पक्का असतो.

## अडॅप्टर: सर्वाधिक तक्रारी इथे सुटतात

दुकानात सारखे दिसणारे अडॅप्टर आतून अगदी वेगळे असतात. तीन गोष्टी तपासा.

पहिली, आत सर्किट लागतं की नाही. एचडीएमआय आणि डीव्हीआय-डी यांचा चित्राचा सिग्नल एकाच पद्धतीचा आहे, म्हणून त्यांच्यात साधी, सर्किट नसलेली केबल चालते आणि ती दोन्ही दिशांना चालते. जुन्या मॉनिटरला डीव्हीआय असेल तर हाच मार्ग धरा, सगळ्यात कमी कटकटीचा. व्हीजीएकडे जायचं असेल तर मात्र डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप हवीच. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए आणि मधे नुसती वायर, अशी केबलही मिळते. नेहमीच्या कॉम्प्युटरवर ती चालत नाही, कारण एचडीएमआयच्या कोणत्याही पिनेवर ॲनालॉग सिग्नल नसतोच. डीव्हीआय ते व्हीजीए असा छोटा ठोकळाही तेव्हाच चालतो जेव्हा कॉम्प्युटरच्या सॉकेटला त्या चार ॲनालॉग पिनांची छिद्रं असतात. आधुनिक ग्राफिक्स कार्डांनी ती सोडून दिली आहेत. एन्व्हिडियाच्या २०१६ मध्ये आलेल्या दहा मालिकेच्या कार्डांपासून ॲनालॉग आउटपुट नाही.

दुसरी, दिशा. चिप असलेलं अडॅप्टर एकाच बाजूने काम करतं. 'डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय' हे कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय पडद्याकडे जातं. त्याला उलटं लावून एचडीएमआय लॅपटॉपवरून डिस्प्लेपोर्ट मॉनिटर चालणार नाही, त्यासाठी वेगळं आणि जास्त महाग कन्व्हर्टर लागतं, बहुधा यूएसबी पॉवरसकट. 'व्हीजीए ते एचडीएमआय' हे जुना कॉम्प्युटर नव्या टीव्हीला जोडण्यासाठी असतं आणि आपल्याला नेमकं त्याच्या उलट हवं असतं. पाकिटावरचं पहिलं नाव कॉम्प्युटरच्या बाजूचं, दुसरं पडद्याच्या बाजूचं, असं धरून वाचा आणि पाकिटावरच्या बाणाशी पडताळा.

कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टवर इंग्रजी डीच्या आत पीचं चिन्ह आणि शेजारी दोन अधिक चिन्हं दिसली, तर ते पोर्ट गरज पडल्यास एचडीएमआयच्या पद्धतीनेही सिग्नल देऊ शकतं. तिथे साधं स्वस्त अडॅप्टर पुरतं. ती दोन चिन्हं नसतील तर 'ॲक्टिव्ह' (आत चिप असलेलं) लिहिलेलंच घ्या.

तिसरी, वीज. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आपली वीज एचडीएमआयच्या पाच व्होल्टच्या पिनेवरून घेतं. तिथून किमान ५५ मिलीअँपिअर एवढाच करंट मिळण्याची हमी असते. कन्व्हर्टरला त्याहून जास्त लागतो. लॅपटॉप सहसा सढळ हाताने देतात, सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर देतीलच असं नाही. चित्र येतं-जातं, किंवा सुरुवातीला येऊन कन्व्हर्टर गरम झाल्यावर जातं, यामागे अनेकदा हेच असतं. कडेला छोटं यूएसबी पॉवरचं भोक असलेलं कन्व्हर्टर घ्या आणि त्याला मोबाइलच्या चार्जरवरून वीज द्या.

आवाज येत नाही म्हणून अडॅप्टरला दोष देऊ नका. व्हीजीएमधून आवाज जात नाही, आणि जुन्या डीव्हीआय मॉनिटरला बहुधा स्पीकरच नसतात. ऑडिओ वेगळा काढा.

## 'आउट ऑफ रेंज' घालवायचं कसं

चौकोनी वाटणाऱ्या १७ आणि १९ इंची मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन बहुधा १२८० × १०२४ असतं, ६० हर्ट्झवर. ७५ पर्यंत ते घेतात, पण एलसीडीला ६० च योग्य. नवं मशिन मात्र पलीकडून नीट उत्तर आलं नाही की १९२० × १०८० धरून चालतं. काही स्वस्त कन्व्हर्टर तर मॉनिटरऐवजी स्वतःचीच ओळख पुढे करतात आणि कॉम्प्युटर फसतो.

लॅपटॉप असेल तर त्याच्या स्वतःच्या पडद्यावरून बाहेरच्या मॉनिटरचं रिझोल्यूशन उतरवा. आधी १०२४ × ७६८, ६० हर्ट्झ. हे बहुतेक सगळ्यांना झेपतं. चित्र आलं की मूळ रिझोल्यूशनकडे चढा. विंडोजमध्ये बदल पक्का केला नाही तर काही सेकंदांत जुनं सेटिंग परत येतं, त्यामुळे धास्ती नको. मॅकमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये सगळी रिझोल्यूशनं दाखवण्याचा पर्याय चालू करा. जुन्या मॅकमध्ये 'स्केल्ड' वर क्लिक करताना ऑप्शनचं बटण दाबून धरलं की लपलेली यादी उघडते.

डेस्कटॉपला दुसरा पडदा नसेल तर एखादा चालणारा मॉनिटर किंवा टीव्ही तेवढ्यापुरता लावा, रिझोल्यूशन उतरवा आणि मग जुना मॉनिटर जोडा. विंडोजच्या स्टार्टअप सेटिंगमध्ये 'लो-रिझोल्यूशन व्हिडिओ' हा तिसरा पर्याय याच कामाचा आहे.

सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरवर हे मेमरी कार्डमधल्या फाइलमध्ये लिहावं लागतं. रास्पबेरी पायच्या जुन्या सिस्टिममध्ये कॉन्फिग फाइलमध्ये एचडीएमआयचा गट आणि मोड यांचे आकडे द्यायचे. मॉनिटरसाठी गट २, आणि त्यात मोड १६ म्हणजे १०२४ × ७६८, मोड ३५ म्हणजे १२८० × १०२४, दोन्ही ६० हर्ट्झवर. सोबत हॉटप्लग फोर्स करण्याची ओळ घातली की पडदा ओळखला नाही तरी आउटपुट चालू राहतं. नव्या सिस्टिममध्ये हे आकडे जुमानले जात नाहीत, तिथे कर्नेलच्या कमांड लाइनमध्ये पोर्टचं नाव, रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट लिहायचा. जुन्या लेखांतल्या ओळी जशाच्या तशा उतरवून काम होत नाही, त्याचं कारण बहुधा हे असतं.

## चित्र आलं, पण मनासारखं नाही

व्हीजीएवर अक्षरांना सावली, किंवा उभे फिकट पट्टे दिसत असतील तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबायचं. पण ते कशावर दाबता याला फार महत्त्व आहे. काळ्या वॉलपेपरवर दाबलं तर मॉनिटरला चित्राच्या कडा सापडत नाहीत आणि तो भलतीकडेच सरकतो. आधी सगळा पडदा भरेल अशी पांढऱ्या पार्श्वभूमीची, अक्षरांनी गच्च भरलेली फाइल किंवा रिकामी स्प्रेडशीट उघडा, मग दाबा. तरी राहिलंच तर मेनूतला 'क्लॉक' हलवून उभे पट्टे घालवा, आणि 'फेज' हलवून अक्षरांची धार जागेवर आणा. क्रम हाच ठेवा. क्लॉक चुकीचा असेल तर फेज कुठेही नेला तरी पडद्याचा एक भाग स्पष्ट आणि दुसरा धूसर राहतो. शांतपणे पाच मिनिटं दिली तर जुना व्हीजीए पडदाही वाचायला त्रास न होण्याइतका नीट होतो.

एचडीएमआयवरून काळा रंग राखाडी वाटत असेल तर कॉम्प्युटर टीव्हीसाठीची मर्यादित रेंज पाठवतोय, म्हणजे ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रेंज 'फुल' करा. सगळं चालतं पण पैसे भरून घेतलेले चित्रपट तेवढे काळे दिसतात, अशी तक्रार असेल तर त्या जुन्या मॉनिटरला एचडीसीपी हे कॉपी-संरक्षण कळत नाही. सेटिंगने ते येणार नाही.

२००४ च्या सुमारास आलेल्या ३० इंची, २५६० × १६०० च्या मॉनिटरचा प्रश्न निराळा. त्यांना ड्युअल-लिंक डीव्हीआय लागतं. सिंगल-लिंक १६५ मेगाहर्ट्झवर थांबतं आणि त्यात १९२० × १२०० च्या पुढे जाता येत नाही. साध्या एचडीएमआय केबलवर असा पडदा बंद राहतो किंवा निम्म्या रिझोल्यूशनवर चालतो. डिस्प्लेपोर्ट ते ड्युअल-लिंक डीव्हीआय असं ॲक्टिव्ह, यूएसबी पॉवरचं कन्व्हर्टर हाच खात्रीचा मार्ग.

## खरोखर जुने मॉनिटर

नऊ पिनांचा प्लग, दोन ओळींतल्या पंधरा पिनांचा मॅकचा प्लग, किंवा तीन जाड गोल संपर्क आणि दहा बारीक पिना असलेला वर्कस्टेशनचा प्लग. यातलं काही हातात आलं तर फक्त प्लग बदलणारा अडॅप्टर शोधत बसू नका. प्रश्न आडव्या फ्रीक्वेन्सीचा, म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती आडव्या ओळी काढल्या जातात याचा आहे. व्हीजीए ३१.५ किलोहर्ट्झपासून सुरू होतं. व्हीजीएच्या आधीचे रंगीत मॉनिटर बहुतांश १५.७ च्या आसपास, जुने एकरंगी मॉनिटर १८.४ वर, आणि मॅकचे १३ इंची रंगीत मॉनिटर ३५ वर चालायचे. एकाच फ्रीक्वेन्सीवर बांधलेल्या पिक्चर ट्यूबला भलती फ्रीक्वेन्सी दिली तर आतलं सर्किट जळू शकतं. मागच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात आकडे सापडल्याशिवाय असा मॉनिटर जोडूच नका. चित्र फाटलेलं दिसलं आणि आतून बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर लगेच बंद करा.

## इथे थांबा

पडदा काळा वाटतोय पण मॉनिटर चालू आहे, अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. अंधुक चित्र दिसलं तर पॅनेल आणि सिग्नल ठीक आहेत, बॅकलाइट गेला आहे. चित्र दोन सेकंद येऊन विझतं तेही बहुतेक यामुळेच: बॅकलाइटची ट्यूब किंवा तिला वीज देणारा इन्व्हर्टर, नाहीतर पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर. दुरुस्ती होते, पण घरी उघडून करण्यासारखी नाही. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास शिल्लक असू शकतात, बॅकलाइटची ट्यूब पेटताना हजारच्या वर जातात, आणि त्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो.

पिक्चर ट्यूबचा मॉनिटर तर कधीच उघडू नका, अगदी धूळ झाडायलाही नाही. रंगीत ट्यूबवर २० ते ३० हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते काही काळ काचेत साठून राहतात. जळका वास, चटचट आवाज, वितळलेलं प्लास्टिक, किंवा चालू करताच घरातला ट्रिपर पडणं, यातलं एक जरी झालं तरी प्लग काढा आणि पुन्हा एकदा बघूया असं म्हणून लावू नका.

कारागिराकडे नेताना नुसतं 'चालत नाही' सांगू नका. केबल काढल्यावर लोगो दिसतो का, टॉर्चखाली चित्र दिसतं का, दुसऱ्या केबलने आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर काय झालं, आणि मागच्या पाटीवरचा मॉडेल नंबर, एवढं लिहून द्या. कपॅसिटर किंवा इन्व्हर्टर बदलून काम होत असेल तर जरूर करून घ्या. पॅनेलच फुटलं असेल किंवा त्यावर उभ्या रेषा कायमच्या आल्या असतील तर नवं पॅनेल शोधण्याच्या भरीस पडू नका, ते मिळालंच तरी बहुधा दुसऱ्या वापरलेल्या मॉनिटरइतकंच महाग पडतं. असा मॉनिटर ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, मात्र त्याची पॉवर केबल आणि चांगली सिग्नल केबल काढून ठेवा.